इंजान दुसऱ्याचं

पलूसच्या स्टँडमागं, आण्णांच्या मोटार-रिवायंडिंगच्या माडीवर
माझा लॅपटॉप सात तास घुमतोय.
खालून जळक्या वार्निशचा वास.
वर, कुणी कुणी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं इंजिन,
लाखो ओळींचं,
त्यातल्या हजारभरसुद्धा माझ्या नाहीत.

आण्णा म्हणतात, इंजान दुसऱ्याचं, मग तुझं काय त्यात?
मी म्हणते, तुम्ही नाही का
चौगुल्यांच्या मळणीचं इंजिन काढून रसवंतीला बसवलं?
तो रस काय चौगुल्यांचा होता?
ते हसत नाहीत.
आवाज कळाय पाहिजे, म्हणतात. कुठं खडखडतंय ते.

म्हणून रात्री कान लावून बसते.
पान उघडायच्या आधीच ते कुठंतरी निरोप धाडतं:
जागी आहे. पलूस. पावणेबारा. बॅटरी एकोणीस टक्के.
ती तार कापली
की आत दुसरी, तिसरी,
जुन्या गुंडाळीतून तांबं निघत राहावं तशी.

बोटाचा ठसा कुणी मागत नाही.
फॉन्ट किती, पडदा केवढा, घड्याळ कुठलं,
एवढ्यावरून ओळखतात,
तासगाव गाडीत शेजारची बाई नाकावरून ओळखते तसं:
मगदुमांची धाकटी ना गं तू?
मी त्याला शिकवलंय, सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं.
प्रार्थनेला उभ्या चारशे पोरी, एकच गणवेश,
मागून बघितलं तर आईलाही कळू नये.

दर चार आठवड्यांनी मूळ इंजिन बदलतं,
माझी ठिगळं उसवतात.
नवं घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, भगदाड चोराला आधी कळतं.
मार्चमध्ये नऊ दिवस मागं पडले.
कुणाचं काही गेलं नाही.
असं मी समजते.

आणि सगळं लपत नाही.
कुठल्या दारात गेलात ते टॉवरवाल्याला कळतंच,
आत काय बोललात ते नाही.
पहिल्याच पानावर लिहिलंय हे, घरच्या मराठीत.

सुरुवात सांगायची राहिली.
सन्मतीवहिनीनं मिरजेच्या एका दवाखान्याचा पत्ता शोधला होता,
एकदाच, दुपारी.
संध्याकाळी आईनं स्तवन लावायला तोच फोन घेतला
आणि पडद्यावर गुटगुटीत बाळ,
पावडर लावलेलं, हसणारं.
घरातले सगळे आधी फोनकडं बघत होते.
मग वहिनीकडं.

पहिली प्रत तिच्याच फोनवर घातली.
तिनं वेग विचारला नाही, रंग विचारला नाही.
विसर म्हटलं की खरंच विसरतंय का, एवढंच.

काल तिनं फोन दिला, तेवढा चार्जिंगला लाव म्हणाली.
मी बघितलं. बघायला नको होतं.
काही नव्हतं.
चौदा महिने ज्याचा नटबोल्ट मी फिरवला
त्यानं मलाही सांगितलं नाही.

खाली आण्णांनी भरलेली मोटार चालू केली.
दोघांनी आपापल्या जागी
कान लावला.