मान टाकली

पहिल्या खेपेला अकरा उगवले,
दह्याच्या रिकाम्या डब्यांत,
भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कूलरशेजारी.
बामणोदच्या वांग्याचं बी.
शैलाच्या मामानं अंगाऱ्यासारखं पुडीत बांधून दिलेलं,
वर पेन्सिलीनं: भरताचं. कुणाला देऊ नये.

चौथ्या दिवशी ते कमरेत वाकले,
पाचव्या दिवशी मातीला गाल टेकून निजले.
खोडाशी, अगदी मातीलगत,
दोऱ्यानं आवळावी तशी काळपट रेघ.

मी सिग्नलचा माणूस.
दिवा लागला नाही की आधी फ्यूज बघतो,
मग तार, मग रिले, मग उंदीर.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची
आणि वहीत टिपायची.

माती बदलली. तापीकाठचा गाळ आणला पिशवीभर;
भिजला की लोणी, वाळला की खापर.
त्यात वाळू घातली, शेणखत चाळून घातलं.
नऊ उगवले. नऊ गेले.

पाणी बदललं. नळाच्या पाण्यानं
आमच्या बादलीला पांढरी किनार येते,
म्हणून पिण्याचं, गाळलेलं.
शैला म्हणाली, आपल्याला पुरत नाही ते.
सात उगवले.
वहीत पुढं नुसती आडवी रेघ.

मग उजेड. इथं मी जरा ओशाळलो.
रात्रपाळी करून दिवसा झोपतो,
बाहेर सत्तेचाळीस,
म्हणून खिडकीला आईची जुनी गोधडी ठोकलेली.
तिच्या उसवलेल्या टाक्यातून एक कवडसा येतो,
आणि सगळे कोंब, उंच, फिके, शेवयांसारखे,
त्या एका टाक्याकडे माना ताणून उभे.
त्यांना वाटलं असेल, जग एवढंच असतं.

गोधडी काढली. डोळ्यांवर ओला रुमाल टाकून झोपू लागलो.
कूलरचं तोंड फिरवलं.
या खेपेचे ठेंगणे होते, जांभळ्या देठाचे,
चौघांना तिसरं पानही फुटलं.
मी ड्यूटीवर सांगितलं सगळ्यांना.
नवव्या दिवशी चौघांनी मान टाकली.

यावल रोडला चिरमाडेंची नर्सरी आहे.
त्यांनी रोपाकडे पाहिलंच नाही.
डबा तळहातावर तोलला, केळीचा फणा तोलावा तसा,
मग उलटा केला.
"याले भोक कुठी हाये?"
मी गप्प.
"पानी कोन देतं?"
मी देतो, सकाळी घरी आल्यावर. अर्धा पेला.
"अन घरात दुसरं कोनी?"
नाही, म्हणालो.
म्हणालो खरं.

शैला रेल्वे हॉस्पिटलात. सातला निघते,
मी आठला पोचतो.
आमचा संसार गेली दोन वर्षं
फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चाललाय:
दूध तापवलंय. गॅस लावलाय. कळण्याची भाकरी फडक्यात आहे.
त्या रात्री तिला फोन करून विचारलं.
ती म्हणाली, देते की रोज. निघताना.
तू दमून येतोस, विसरशील म्हणून.

अर्धा आणि अर्धा.
बिनभोकाच्या डब्यात.
कुणी रोग आणला नव्हता घरात.

पेचकस गॅसवर लाल केला,
डब्यांच्या बुडाला पाच पाच भोकं पाडली.
जळक्या प्लॅस्टिकचा वास परळभर बसला दोन दिवस.
आणि एक पितळी वॉशर ठेवला डब्यांच्या मधोमध.
एकेरी रुळावर पूर्वी टोकन असायचं;
ज्याच्या हाती टोकन, त्याचीच गाडी पुढं.
पाणी दिलं की वॉशर उचलून फ्रिजवर ठेवायचा.
चिठ्ठीत तिला एवढंच लिहिलं.
तिनं खाली लिहिलं: बरं, स्टेशनमास्तर.

आता पाच आहेत.
एकाला आगकाडीचा टेकू दिलाय,
त्याचं काही सांगता येत नाही.
आज आठला आलो, वॉशर जागेवर होता.
माती ओली आहे का बघायला बोट खुपसायला गेलो,
तर तिथं आधीच
एक बारीक खळगा होता,
माझ्या बोटापेक्षा लहान.