मु. पो. तिबिलिसी

रेशन कार्डातून नाव कमी करायचा अर्ज
तहसिलीबाहेर, कुणाच्या तरी मोटरसायकलच्या सीटवर ठेवून भरला.
आता राहणार कुठे : मु., पो., ता., जि.
मुक्काम लिहिला. पोस्टही तेच.
तालुक्यापाशी पेन थांबला.
बाबू म्हणाला, रिकामं सोडू नका बाई, परत येते.
काय परत येते?
अर्ज.
मग तालुका पवनीच लिहिला,
आणि साडेचार हजार किलोमीटर लांबचं ते शहर
वैनगंगेच्या काठी येऊन बसलं.

गीराबाईला अजून पटलेलं नाही.
लाखोरी निवडता निवडता, मान वर न करता,
"कायले जातेस वो? तठी तुजा कोन आहे?"

कोण आहे.
लामारा आहे, घरमालकीण, एकोणऐंशी वर्षांची.
सुकेशिनी तिला कधी जमलं नाही,
अकरा वर्षं सुको म्हणते.
लाकडी सज्जा आहे, एका बाजूला कललेला,
त्यावर माझी ओली लुगडी बघायला
समोरच्या इमारतीतली पोरं खिडकीत यायची.
मेस आहे, डॉक्टरकीच्या एकशेचाळीस पोरांची,
अकोल्याची, नांदेडची, नागपूरची,
रविवारी सावजी रस्सा टाकला
की अख्खी गल्ली शिंकायची.
नदी आहे. मातकट, अरुंद, कायम घाईत.
आपल्या नदीसारखी वाळूवर आडवी पडून राहत नाही.

तिथे बापाला मामा म्हणतात, गीराबाई.
आणि भाकरीला पुरी.
ती हसली. मग विचारात पडली,
"मंग पुरीले का म्हणतेत?"

पण होला हो म्हणतात, हे तिला सांगितलं नाही.
आपल्याकडे हव.
हो शाळेतलं, बाईंनी उभं केल्यावरचं.
त्या पहिल्या दिवशी, जिन्यात, बॅग दोन्ही हातांत,
मी खुणेनंच विचारलं, खोली आहे?
आणि त्या परक्या म्हातारीनं
आठवीनंतर पहिल्यांदा
मला हो म्हटलं.

आईसाठी आले होते. आई गेली.
त्यानंतर तीन मोह फुलले.
मी राहून पाहिलं, खोटं नाही.
बचत गटाची वही लिहिली, विहाराचा हिशेब ठेवला,
अकरा कोंबड्या पाळल्या, त्यातल्या चार मुंगसानं नेल्या.
इथे वाईट काही नाही.
हेच कुणाला सांगता येत नाही.
लोकांना भांडण लागतं, वाटणी लागते,
नाहीतर निदान एखादा पुरुष.
अर्जात 'कारण'च्या रकान्यात
मी लिहिलं होतं : आवडते.
बाबूनं ते खोडून 'कौटुंबिक' केलं.

काल पहाटे शेवटचं गेलो मोह वेचायला.
गीराबाईच्या हातात बॅटरी, माझ्या हातात टोपली,
अंधारात टप्, टप्,
झाड कुणाशी तरी हळू बोलल्यासारखं.
तिथे जूनमध्ये तुती पडतात, फुटपाथवर, ढिगानं,
बुटांचे तळवे जांभळे होतात,
कुणी वाकून उचलत नाही.
मी उचलायचे.
लोक थांबून बघायचे, मग एक दिवस लामाराच
गुडघे धरत खाली बसली, परात घेऊन.

गॅस गीराबाईच्या सुनेला.
सूप, पाटा, कोंबड्या सात.
आईचा फोटो पिशवीत कपड्यांच्या मधोमध,
त्याच्या बाजूला दोन किलो लाखोरी,
"तठी भेटते का?" म्हणून तिनंच कोंबलेली.

रात्री फोनवर लामाराला सांगितलं, येते.
तिच्या भाषेत. नीट जमलं.
ती खूप वेळ बोलत राहिली, बहुतेक
जिन्यातल्या बल्बबद्दल.

सकाळी, पावणेसहाच्या गाडीआधी,
दारात गीराबाई.
जाते म्हणायचं नसतं.
लहानपणापासून जिभेला लावलेली सवय,
कुठेही जा, निघताना तोंडातून एकच निघतं.

येते, म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "हव."

कुलूप तिनंच लावलं.
मला ते कधी एका झटक्यात लागलं नाही.