वहीच्या मागच्या पानांवर, हुमैरासाठी

तू लेटन्सी विचारलीस तेव्हा मी घाईत होतो,
नऊ नंबरच्या रॅकचा पंखा किंचाळत होता.
आता रात्रपाळी आहे. आत अठरा अंश,
बाहेर फुजैरा रात्री दोनलाही तापल्या तव्यासारखं.
लिहून ठेवतो. परीक्षेत असलं लिहू नकोस.

पिंग: विहिरीत खडा टाकायचा
आणि डुबुक ऐकू येईपर्यंत मोजायचं.
लेटन्सी म्हणजे ते मोजणं.
इथून मुंबई चाळीस मिलिसेकंद,
पापणीसुद्धा याहून सावकाश लवते.

हँडशेक तुला शिकवायला नको.
सलाम. वालेकुम सलाम. बरं, मग बोलतो.
एवढं झाल्याशिवाय यंत्रंही कामाचं काढत नाहीत.

पॅकेट: पत्र फाडून तुकड्यांवर आकडे घालतात,
ज्याला जी वाट मिळेल तो तिने जातो,
पलीकडे कुणीतरी जुळवत बसतं.
एखादा आलाच नाही तर पुन्हा मागवतात.
बोलण्यातला मात्र मागवत नाहीत,
तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

बफर: पिंपात भरून ठेवलेलं पाणी,
नळ मधेच गेला होता हे पाहुण्याला कळू नये म्हणून.

सॅम्पल रेट.
सुरमई कापतात तसा आवाज कापायचा,
साध्या फोनवर सेकंदाला आठ हजार तुकड्या,
गाण्याला चव्वेचाळीस हजार शंभर.
कान त्यांचा परत अख्खा मासा करतो.
कसा करतो ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही.

लॉसी कॉम्प्रेशन: ज्याच्यावाचून अडणार नाही
ते फेकून देतात. कोण ठरवतं, विचारू नकोस.

नॉइज सप्रेशन मी बावांकडून शिकलो.
हर्णैच्या बंदरावर ते लिलाव पुकारायचे, अजूनही
संध्याकाळी तिथूनच फोन लावतात.
एकदा लाइन इतकी स्वच्छ, की म्हटलं, घरात आहात का?
"अरे, पायाशी भरती आलीय, तुला ऐकू येत नाही?"
अ‍ॅपने समुद्र काढून टाकला होता.
ज्याच्या तळातून आपली केबल जाते, तोच.

गेल्या जुम्म्याला विचारलं,
डॉक्टर काय म्हणाले?
चार सेकंद.
मी सवयीने पिंग मारून पाहिला.
एकोणचाळीस.

जिटर आणि म्यूट राहिलं. उद्या.