खुलासा

दर तीन महिन्यांनी मी बॅज गोळा करते.
एक कायम डॉक्टरसाहेबांच्या स्कूटरच्या डिकीत,
एक धुण्यात जाऊन आलेला, निरम्याच्या वासाचा.
अकरा नावांचे, आणि एक कुणाचाच नसलेला;
तो आस्थापनेच्या खोलीत, कॅलेंडरच्या खिळ्याला.
त्याच्यावर फक्त उदगीरची काळी दगडी जमीन
आणि वरचं आभाळ उमटतं,
जे सगळ्यांनाच लागतं
म्हणून सगळ्यांतून वजा होतं.

पाकिटावर मी लाल शाईनं लिहिते:
एक्स-रे मशीनमधून तपासू नये.
पोस्टातले बाबू दरवेळी हसतात.

माझा आकडा अकरा वर्षं तोच.
शून्य पूर्णांक शून्य शून्य.
मी शिशाच्या काचेमागं उभी राहते,
'श्वास धरा' म्हणते, 'सोडा' म्हणते.

आत व्यंकट सोनकांबळे असतो.
कागदावर सफाईगार.
नाणं गिळलेलं, झाडावरून पडलेलं,
खोकून खोकून निळं पडलेलं लेकरू
जळकोटहून येतं, देवणीहून येतं,
आणि व्यंकट त्याचे दोन्ही हात
आपल्या दोन तळव्यांत दाबून धरतो.
'हलू नगंस रं राजा, फोटू बिघडतो.'
'हिलना नक्को बेटे.'
भालकीकडचं असलं तर, 'अळबेड, अळबेड.'
एप्रन एकच आहे, खांद्यावर चीर पडलेला.
तो लेकराच्या आईला घालतो.
'तिला आजून लेकरं व्हायचीत मॅडम.'

दोनदा त्याचं नाव पाठवलं यादीत.
दोनदा परत आलं.

एप्रिलमध्ये मी माझा सात नंबर काढला
आणि त्याच्या खिशाला लावला,
तंबाखूच्या पुडीवर.
'हे काय, हजेरीचं नवीन काय निघालं का?'
तीन महिने त्यानं तो
कुणी सोनं सांभाळायला दिल्यासारखा जपला.
जेवताना रुमालात, घरी जाताना माझ्या हातात.

तिकडं प्रयोगशाळेत, म्हणे,
आतल्या तीन चकत्या तापवतात.
जेवढं झिरपलं असेल
तेवढ्या त्या अंधारात उजळतात.
एकदाच.
मग पुन्हा कोऱ्या.

जुलैत पत्र आलं.
बॅज क्रमांक सात, श्रीमती महानंदा बिरादार,
एक पूर्णांक बेचाळीस मिलिसिव्हर्ट.
मर्यादेच्या आत. तथापि
मागील नोंदी पाहता
तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

'नजरचुकीनं खोलीत राहिला म्हणून लिहा की,'
आस्थापनेचे इरपेसाहेब म्हणाले,
'सगळे तेच लिहितात.'

व्यंकटनं विचारलं, 'किती आलं?'
सांगितलं.
'पास का?'
'पास. पण हे तीन महिन्यांचं.'
तो बोटांच्या पेरांवर मोजायला लागला.
वर्षाचे चार, बावीस वर्षं,
'म्हंजी अठ्ठ्याऐंशी येळा...'
इथं थांबला.
पुढचा गुणाकार त्यानं केला नाही.
मी पण केला नाही, मला येत असून.

तेवढ्यात बाहेर एक लेकरू रडायला लागलं,
आणि तो हात पुसत आत गेला.

नव्या बॅजच्या अर्जात रकाना आहे:
कामाचे स्वरूप.
खूप वेळ पेन हातात धरून बसले.
मग लिहिलं: धरतो.
अर्ज परत आला. शेरा:
असे पद अस्तित्वात नाही.

मी रजिस्टरमध्ये शेवटच्या नावाखाली
पेन्सिलीनं एक ओळ आखून ठेवली आहे.
खुलासाही दिला, इरपेसाहेबांनी सांगितला तसाच,
सही, शिक्का, जावक क्रमांक.
सात नंबर आज कुणाच्या खिशाला आहे
ते त्यात विचारलेलं नव्हतं.