येणे बाकी

ओलेसुंदला उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते
आणि दिवस मावळत होता.
खारवलेल्या कॉडचा वास तिथेच कोटात शिरला,
अजून गेलेला नाही.
प्रबंधाचा विषय: व्यापारी माहिती-प्रणाली,
त्यांची सुरक्षा, व्यवस्थापन, विकास.
विद्यापीठात हे तीन शब्द एका ओळीत नीट बसले होते.

कंपनी जुनी. मासे सुकवून पोर्तुगालला धाडणारी,
बोटवाल्यांना डिझेल, बर्फ, दोर उधारीवर देणारी.
संगणक तळघरात. त्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी:
बंद करू नका. का, ते ऑड्लाउगला विचारा.

ऑड्लाउगला निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली होती.

"चालतंय ना?" व्यवस्थापक स्टाइनार म्हणाला,
"मग बोट कशाला घालायचं?"
पण जानेवारीत नवी प्रणाली यायची होती,
आणि तिच्याआधी ओस्लोहून ब्रेदे आला,
कुलपं तपासणारा.
चार दिवसांत त्याने एक ओळ शोधून काढली:
खातं यादी सातमध्ये असेल, तर वगळून पुढे जा.
व्याज नाही, स्मरणपत्र नाही, तीस वर्षं.
नऊ खाती. नऊही येणे बाकी.
"कुंपणच शेत खातंय इथे," म्हणाला,
आणि अहवालात लाल टिंब दिलं.

मी फेरीबोटीने बेटावर गेले.
ऑड्लाउग बटाटे सोलत होती. ओल्या बोटानेच
तिने कागदावरची ओळ धरली,
चष्म्याशिवाय.
"माझीच. त्या दिवशी मालक स्वतः तळघरात उतरले होते,
एरवी कधी उतरले नाहीत."
मग नऊ खात्यांचे क्रमांक सांगितले, कागद न बघता,
आणि प्रत्येकापुढे वय.
हाव्सुला नावाची बोट. फेब्रुवारी.
सापडली फक्त एक पेटी, मासे ठेवायची.

"मग कर्ज माफ का नाही केलं?"
(पेन हातात होतं. मुलाखत क्रमांक बारा.)
"माफी त्या बायकांनी घेतली नसती.
मालक म्हणाले, येणे राहू दे. मागू मात्र नको.
हे दोन्ही एकत्र बसवायला मला आठवडा लागला."
पुढचा बटाटा घेतला.
"गुनवोर अजून भरते. दर डिसेंबरात दोनशे क्रोनर.
खातं बंद केलंस तर कुठे भरेल?"

परतताना वही उघडली.
हे सुरक्षेत घालू, की व्यवस्थापनात?
लिहून ठेवलं तर लेखापरीक्षक पुसणार.
नाही लिहिलं तर नवं यंत्र, शहाण्यासारखं,
तिसाव्या दिवशी नऊ पत्रं काढणार,
प्रिय ग्राहक म्हणून, बुडालेल्यांच्या नावाने.
माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, प्रत्येक नियमाला मालक हवा.
मालक गेले.
मुलगा लिस्बनला असतो, त्याला बोटीचं नाव आठवत नाही.

चाचणीच्या रात्री पत्रं निघालीच. नऊ.
छपाईच्या रांगेत पहिलं गुनवोरच्या नवऱ्याचं.
मी ती थांबवली, हाताने,
जे माझ्याच दुसऱ्या प्रकरणात
'धोकादायक प्रथा' या मथळ्याखाली येतं.

मग गरज क्रमांक दोनशे सतरा लिहायला घेतली.
'कारण' या रकान्यात बरंच लिहून खोडलं.
शेवटी ठेवलं: मागू नये.
ब्रेदेला ते पुरेसं वाटलं नाही. मलाही नाही.

तळघरातली चिठ्ठी काढली नाही.
ऑड्लाउगच्या नावाखाली माझं नाव लिहिलं,
फोन नंबरही.
नव्या अहवालात त्याचं एक वेगळं लाल टिंब आहे.