मायेच्या भिंतीवरचा वॉचमन

नागाळा पार्कात एक भिंत हाय.
पेंटरनं तिच्यावर लाल काळीज काढलंय,
खाली लिवलंय: नको असंल ते द्या, हवं असंल ते न्या.
तिथं मी. बारा तास. स्टूल माझं मीच आणलंय.

साहेबांनी नियम सांगितलं:
एका गरिबाला एकच नग, नोंद वहीत.
रांगेत हसायचं न्हाई.
हसला, तर गरज न्हाई असं धरायचं.

पयल्या आठवड्यात काय काय आलं म्हणून सांगू!
डाव्या पायाचं एकटंच पायताण,
शेरवानी, छातीवर मोती, काखेत उसवलेली,
टेनिसचा चषक,
आणि कुणाच्या तरी कैलासवासी वडलांचा कोट,
खिशात क्लबाचं बिल तसंच.

राजेंद्रनगरच्या बायाक्कानं नातवाला दूध मागितलं.
म्हटलं, दूध गंगावेशीत. हितं नुसती माया.
तिनं शेरवानी नेली,
मोती तोडून इकलं, उरल्याचं दुपटं केलं.

कोट नेला इलाही हमालानं.
घातला, आणि रंकाळ्यावर जाऊन बाकावर बसला.
रोज शिट्टी मारून उठवणारा पोलीस
लांबनंच म्हणला, "नमस्कार साहेब, फिरायला?"
भावा, इलाही सांगत हुता,
जल्मात पयल्यांदा बाकाला पाठ टेकली.

जानेवारीत भिंतीचा वाढदिवस आला.
पावणं येणार, फोटोवालं येणार,
आणि भिंतीवर नुसतं खिळं.
"मोकळी भिंत बरी दिसत नाही," साहेब म्हणालं,
"वस्तीत जा. नेलेलं मागून आण, एका दिवसापुरतं.
एवढं सहकार्य गरिबांनी करायला हवं."

गेलो वही घिऊन.
इलाहीनं कोट दिला, वर बुरुश मारून दिला.
बायाक्का म्हणली, न्हे बाबा,
पर पोरगं झोपलंय त्यात. उठलं की न्हे.

कार्यक्रम झ्याक झाला.
कोटाच्या खालीच इलाहीला उभा केला,
बनियनवर, फोटोत गरज दिसाय पायजे म्हणून.
साहेब भाषणात म्हणालं,
"समाजात देणारे खूप आहेत हो, घेणारेच कमी पडतात."
टाळ्या.

तरी एक खिळा मोकळा राहिलाच हुता.
माझ्याकडं बघून म्हणालं, "तुझा स्वेटर काढ."

रात्री कोण तरी आलं. पोरगंच हुतं.
हिकडं तिकडं बघितलं, स्वेटर काढला, अंगात घातला.
वॉचमन मीच. अडवायचं मीच.
वही उघडली, लिवलं: नग एक.
"कुणाचा हाय?" त्यानं इचारलं.
म्हटलं, बाह्या जरा आखूड हायत.
बघ, बसतोय का.