दोन विड्यांचं पान

आमच्याकडं पाणी पाच दिवसांआड येतं
आणि मी समुद्र विकत घेतो,
तुकड्यातुकड्यानं.

पहिला मिळाला मंगळवार बाजारात,
दस्तगीरच्या गोणपाटावर,
बिघडलेला मिक्सर आणि पितळी नळाच्या मधे.
शंखासारखा वेटोळा, पाठीवर कडा.
"शाळिग्राम आहे, पूजेला ठेवा," तो म्हणाला.
देव म्हणून दोनशे, दगड म्हणून दीडशे.
मी दगड म्हणून घेतला.

सोलापूरच्या जमिनीत यातलं काही निघत नाही.
विहिरीच्या मलब्यात बघितलं,
बोअरवाल्याला चहा पाजून बघितलं:
काळा फत्तर, त्याच्या खाली काळा फत्तर.
लाव्हा आला तेव्हा त्यानं
कुणाची नोंद ठेवली नाही.
म्हणून बाहेरून मागवायचं,
सूत मागवतो तसं.

मोरोक्कोचा ट्रायलोबाइट कुरियरनं आला. बावीसशे.
यादम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
वर न बघता म्हणाली, "मळ्ळी राळ्ळा?"
परत दगडच का?

डोळे इतके ताजे की मलाच शंका आली.
चाळीस वर्षं जकार्डाची कार्डं पंच केली मी,
हातानं केलेलं आणि आपोआप झालेलं
बोटाला वेगळं लागतं.
सुई गॅसवर लाल केली, शेपटीला टेकवली.
प्लास्टिकचा वास.
डोक्याला टेकवली: काही नाही.
फासळ्यांना: काही नाही.
म्हणजे प्राणी खरा,
आणि शेपूट तिकडल्या कुण्या कारागिरानं
दिव्याखाली बसून लावलेली,
एका फासळीचंही माप न चुकवता.
विकणारा फोनवर म्हणाला, परत पाठवा, पैसे देतो.
नाही पाठवला.
चुकलेलं कार्ड मीही कितीदा सांधलंय
आणि चादर विकली गेलीय.

मग हे पान आलं.
चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीतलं, म्हणे.
कायदेशीर आहे, असं तो माणूस दोनदा म्हणाला.
एकदाच म्हणाला असता तर बरं होतं.
करड्या पाटीवर जिभेच्या आकाराचं,
मधली शीर सरळ, बाजूला बारीक जाळी.
वय पंचवीस कोटी, किंमत नऊशे,
एका रुपयाला पावणेतीन लाख वर्षं पडली.
हा हिशेब घरात सांगितला नाही.
हजार विड्यांना काय मिळतं ते मला माहीत आहे.

तीन दिवस कपाटामागं लपवलं.
चौथ्या दिवशी तिला सापडलं.
मी भांडणाच्या तयारीत,
तर तिनं पाटी दारातल्या उन्हाकडं तिरकी धरली,
देठाकडून टोकाकडं अंगठा नेला,
तेंदूच्या पुड्यातलं पान निवडताना नेते तसाच.
सुपातलं पत्र्याचं माप उचलून
पानावर ठेवलं. सरकवून परत ठेवलं.
"दोन निघतील," म्हणाली.
"भोक नाही, डाग नाही. असलं पान
ब्रँचवाले आता देतच नाहीत.
कुणी तोडलं?"

कुणी नाही, मी म्हणालो, तेव्हा माणूसच नव्हता.
गळून पडलं असेल.

"गळलेलं जून असतं.
हे कवळं आहे. कशानं तरी तुटलंय."

माझ्याकडं चार पुस्तकं आहेत या विषयावर.
त्यांत हे नव्हतं.

जुन्या जकार्ड कार्डावर पाटी ठेवली,
मोराच्या मानेची भोकं आहेत त्याच्यावर अजून.
चिठ्ठीवर नाव लिहिलं, ठिकाण लिहिलं,
खाली "कवळं" लिहिलं, आणि कंसात यादम्मा.

रात्री दिवा मालवल्यावर तिनं विचारलं,
"वादळं होती का ओ तेव्हा?"
असतील, म्हणेपर्यंत
नळातून हवा सुटल्याचा आवाज आला
आणि आम्ही दोघंही घागरीकडं धावलो.